जुना सीडीजी उतरवून न्यूमेरिकल रिले बसवताना: २२ केव्ही पॅनेलवरची पारख

पुण्याच्या भोसरी, चाकण, तळवडे, हडपसर या पट्ट्यात महावितरणचा उच्चदाब पुरवठा घेणाऱ्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी मांडणी एकसारखीच असते. २२ केव्हीचे व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) पॅनेल, त्यापुढे २२ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलच्या दारावर ओव्हरकरंट व अर्थफॉल्टचा रिले, म्हणजे जादा करंट किंवा जमिनीकडे जाणारा करंट ओळखून ब्रेकर उघडायला लावणारे उपकरण. पॅनेल जुने असेल तर हा रिले सीडीजी जातीचा, काचेमागे चकती असलेला. नवे असेल तर छोटा पडदा आणि एलईडींची रांग असलेला न्यूमेरिकल. जुना काढा, नवा बसवा, हा सल्ला टेस्टिंगवाल्यांपासून पॅनेल बनवणाऱ्यांपर्यंत सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. पण खाच मोठी करून नवा डबा बसवला, सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) तारा जोडल्या आणि ट्रिपची तार ओढली की काम झाले, असे समजून केलेली अदलाबदल जुन्या रिलेपेक्षाही वाईट संरक्षण देऊ शकते. न्यूमेरिकल रिलेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो स्वतःचा बिघाड स्वतः कळवतो. त्यासाठीचा वॉचडॉग संपर्क कितीतरी पॅनेलांत रिकामा सोडलेला असतो.

आधी जुन्याबद्दल, कारण त्याची किंमत नीट कळल्याशिवाय नव्याकडून काय मागायचे ते कळत नाही.

सीडीजीच्या पाट्यांवर वेगवेगळी नावे दिसतात: इंग्लिश इलेक्ट्रिक, जीईसी, अल्स्टॉम, अरेवा. कंपनीची मालकी बदलत गेली, आतले यंत्र मात्र तेच राहिले. सीटीचा करंट विद्युतचुंबकातून जातो. त्यातून निघणारे, एकमेकांपेक्षा थोडे मागेपुढे असलेले दोन चुंबकीय प्रवाह चकतीत भोवरा-प्रवाह तयार करतात आणि चकती फिरू लागते. स्प्रिंग तिला मागे ओढते, कायमचुंबक तिचा वेग आवरतो. चकतीला किती अंतर कापून संपर्क मिटवायचा आहे, ते टाइम मल्टिप्लायर ठरवतो. करंटचे सेटिंग प्लगने होते: ओव्हरकरंटला ५० ते २०० टक्के, २५ टक्क्यांच्या पायऱ्यांनी एकूण सात भोके, अर्थफॉल्टला १० ते ४० किंवा २० ते ८० टक्के.

या रिलेचे तीन गुण आजही मान्य करावे लागतात. मोजमापासाठी त्याला बाहेरचा पुरवठा लागत नाही. बॅटरी मेली तरी चकती फिरते आणि फ्लॅग (ट्रिपची खूण) पडतो, फक्त ट्रिप कॉइलला डीसी मिळत नाही. प्लग उपसला तर रिले आपोआप सर्वांत वरच्या टॅपवर जातो, त्यामुळे चालू लोडवर सेटिंग बदलताना सीटी उघडा पडत नाही. आणि पॅनेलमधल्या स्विचिंगच्या झटक्यांचे, लाटांचे त्याला काही वाटत नाही.

दोष यांत्रिक आहेत आणि ठरलेले आहेत. काचेच्या चौकटीचे गॅस्केट कडक झाले की धूळ आत शिरते. फाउंड्री किंवा मशीनशॉपच्या शेजारच्या स्विचरूममध्ये त्या धुळीत लोखंडाचा कीस असतो आणि तो नेमका कायमचुंबकाच्या फटीत जाऊन बसतो. चकती मग अडखळते किंवा उशिरा फिरते. पिव्होट आणि जुवेल बेअरिंगमध्ये कोणी प्रेमाने तेल सोडले असेल, तर त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो. हे बेअरिंग कोरडेच ठेवायचे असते. चांदीचे संपर्क काळे पडतात. ते पॉलिशपेपरने घासले की वरचा थर जातो आणि काही महिन्यांत पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, म्हणून बर्निशिंगची पट्टीच वापरावी. चुंबकाच्या फटीतला कीस पातळ स्टीलच्या पात्याने काढावा, फुंकून नव्हे.

हे सगळे बिघाड मूक असतात, आणि खरे दुखणे तेच. चकती जाम झालेला सीडीजी आणि धडधाकट सीडीजी दारावर अगदी सारखेच दिसतात. फरक कळतो तो वार्षिक चाचणीत, नाहीतर फॉल्ट आल्यावर. म्हणून पावसाळ्यापूर्वी सेकंडरी इंजेक्शन (रिलेला थेट चाचणीचा करंट देणे) न करता वापरलेला सीडीजी म्हणजे संरक्षण आहे असा नुसता समज.

दुसरी मर्यादा जोडणीतून येते. खर्च वाचवण्यासाठी अनेक जुन्या पॅनेलांत तीन फेजऐवजी दोन फेजवर ओव्हरकरंट आणि तिसऱ्या जागी अर्थफॉल्ट असे ठेवलेले असते. डेल्टा–स्टार ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी दाबाच्या) बाजूला दोन फेजमध्ये फॉल्ट झाला तर एचटी (उच्चदाब) बाजूच्या एका फेजमध्ये तीन-फेज फॉल्टइतका पूर्ण करंट येतो आणि उरलेल्या दोन्हींत त्याच्या निम्माच. पूर्ण करंटची फेज नेमकी रिले नसलेली निघाली, तर रिलेला दिसतो तो अर्धा करंट आणि वेळ लांबते. न्यूमेरिकलमध्ये तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच डब्यात मिळतात. बदल करण्याला एवढे एक कारणही पुरेसे आहे.

मधल्या काळातल्या स्टॅटिक रिलेवर, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि ऑप-अँपवर चालणाऱ्या पिढीवर, फार शब्द खर्च करत नाही. चकती गेली, पण स्वतःची तपासणी आली नाही. डीसी पुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात आणि वेळा सरकतात. पॅनेलवर अजून असा रिले असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, बदला.

न्यूमेरिकल काय देतो

मायक्रोप्रोसेसरवर चालणारा पहिला व्यावसायिक संरक्षण रिले १९८४ मध्ये अमेरिकेतल्या श्वाइट्झर इंजिनीअरिंग लॅबोरेटरीजने बाजारात आणला, एसईएल-२१ हा लाइनवरच्या फॉल्टचे अंतर ओळखणारा डिस्टन्स रिले. त्यानंतर हे तंत्र वितरण पातळीवरच्या छोट्या रिलेंपर्यंत उतरले. आज २२ केव्ही पॅनेलसाठी एबीबीचा आरईएफ ६१५, सीमेन्सची ७एसआर मालिका, एसईएल-७५१, श्नायडरचा सेपाम, ठाण्याच्या आशिदाची एडीआर मालिका असे पर्याय समोर येतात. ५० (तत्काळ ओव्हरकरंट), ५१ (वेळ घेऊन चालणारा ओव्हरकरंट) आणि अर्थफॉल्टसाठी त्यांचीच जोडी ५०एन, ५१एन, ही मूळ कामे यातले सगळेच करतात. त्यांच्यातला फरक वक्ररेषांच्या अचूकतेत शोधू नये. डबा पॅनेलमधून सहज निघतो का, पुरवठा किती व्होल्टचा लागतो, इनपुट–आउटपुट किती आणि पुण्यात सेवा देणारा माणूस कोण, हे पाहावे.

सीटीवरचा कमी भार (बर्डन, म्हणजे सीटीला जोडलेल्या तारांचा आणि रिलेचा रोध) हा न्यूमेरिकलचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही, म्हणून आकड्यांनिशी मांडतो. १,६०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर धरा. २२ केव्हीवर पूर्ण लोडचा करंट ४२ अँपिअर. इम्पिडन्स ६.२५ टक्के असेल तर एलटी बसबारवरच्या तीन-फेज फॉल्टला एचटी बाजूने, वरच्या सोर्सचा इम्पिडन्स न धरता, ६७२ अँपिअर वाहतात. सीटी ५०/५, ५पी१०, १५ व्हीए. आता तत्काळ ट्रिपचे सेटिंग या ६७२ च्या किमान १.३ पट, म्हणजे सुमारे ८७५ अँपिअर हवे. त्यापेक्षा कमी ठेवले तर एलटीवरच्या फॉल्टला एसीबीच्या (एलटी बाजूच्या एअर सर्किट ब्रेकरच्या) आधी एचटी ब्रेकर उडेल. पण ५पी१० सीटीची अचूकता पूर्ण भारावर १० पटीपर्यंतच, म्हणजे ५०० अँपिअरपर्यंतच धरलेली असते. मग ८७५ ला तो खरा करंट दाखवेल का?

उत्तर प्रत्यक्ष भारावर अवलंबून आहे. १५ व्हीए म्हणजे ५ अँपिअरवर ०.६ ओहम. सीटीचा स्वतःचा रोध ०.१५ ओहम धरू. २.५ चौरस मिमीची तांब्याची तार जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे सुमारे ०.०७४ ओहम. सीडीजीचा भार सेटिंगच्या करंटला ३ व्हीए असतो. प्लग ५० टक्क्यांवर असेल तर तो २.५ अँपिअरला ३ व्हीए, म्हणजे ०.४८ ओहम. अशा सर्किटमध्ये सीटीची खरी मर्यादा साधारण १०.६ पट निघते, ८७५ अँपिअर तिच्या खूप बाहेर. प्लग १०० टक्क्यांवर असेल तर ०.१२ ओहम आणि मर्यादा जवळपास २२ पट. न्यूमेरिकलचा भार ०.०१ ओहमच्या आसपास धरला तर तीच मर्यादा ३२ पटीपर्यंत जाते, म्हणजे १,६०० अँपिअर. सीटी तोच, तार तीच, फक्त रिले बदलला. सीटी बदलायला शटडाउन, नवा सीटी आणि पुन्हा चाचण्या लागल्या असत्या. स्वतःच्या पॅनेलसाठी हे गणित करताना सीटीचा रोध मोजूनच घ्या, वरचा ०.१५ फक्त उदाहरणापुरता आहे.

सेटिंगची बारकाई हा दुसरा फायदा. ४२ अँपिअरच्या १.२ पट म्हणजे ५० अँपिअर, ते सीडीजीवर १०० टक्क्यांच्या प्लगवर योगायोगाने बसते. ट्रान्सफॉर्मर २,००० केव्हीए असता तर ५२.५ च्या १.२ पट ६३ अँपिअर आणि ७५/५ च्या सीटीवर ते ८४ टक्के. सीडीजीवर तिथे ७५ किंवा १०० यांतून निवडावे लागते. न्यूमेरिकलवर ०.८४ थेट भरता येते.

वेळेचे गणित दोन्हींत एकच आहे. करंट जितका जास्त तितकी वेळ कमी, अशा स्टँडर्ड इन्व्हर्स वक्ररेषेवर टीएमएस (टाइम मल्टिप्लायर) १ असताना सेटिंगच्या दुप्पट करंटला १०.०३ सेकंद, पाचपटीला ४.२८, दहापटीला २.९७. आपल्या उदाहरणात ६७२ अँपिअर म्हणजे १३.४ पट, टीएमएस ०.१ ला ०.२६ सेकंद. एलटीच्या एसीबीचा शॉर्ट टाइम डिले ०.१ सेकंद असेल आणि त्याला पूर्ण उघडायला आणखी थोडा वेळ लागत असेल, तर ०.२६ अपुरे पडते. ०.१५ ठेवला की ०.३९ सेकंद मिळतात. वरच्या बाजूला महावितरणच्या फीडर रिलेची वेळ किती आहे, ते त्यांच्या चाचणी विभागाकडून लेखी घ्या. अंदाजाने टीएमएस वाढवत नेला तर आपल्या फॉल्टला अख्खा फीडर जातो आणि शेजारचे दहा कारखाने बंद पडतात.

नोंदी हा तिसरा फायदा, आणि पुण्यात त्याचा उपयोग फार आहे. रस्ता खोदाईत जेसीबीने केबल तोडली, पावसात केबलचा जॉइंट गेला, पुरवठा गेला–आला, आणि त्याच वेळी आपला ब्रेकरही उडाला. सीडीजीवर फ्लॅग पाहून एवढेच कळते की कोणत्या फेजवर. न्यूमेरिकलमधली कॉमट्रेड नोंद (फॉल्टच्या वेळच्या करंटची साठवलेली फाइल) उघडली की करंटचा आकार, त्यातले दुसरे हार्मोनिक (दुप्पट वारंवारितेचा घटक), किती मिलिसेकंदांत ट्रिप दिली आणि ब्रेकरने किती वेळात उघडले, हे सगळे दिसते. फॉल्ट आतला की ट्रान्सफॉर्मरच्या इनरशचा (चालू करताना क्षणभर येणाऱ्या मोठ्या करंटचा), हा वाद दहा मिनिटांत मिटतो. त्यासाठी रिलेचे घड्याळ बरोबर हवे. ते बहुतेक ठिकाणी चुकीचे असते.

कुठे घात होतो

पहिली जागा डीसी. छोट्या एचटी ग्राहकांकडे बॅटरीऐवजी पॉवर पॅक असतो: एसीवर चालणारा, आत कपॅसिटरमध्ये ट्रिपपुरती ऊर्जा साठवणारा. सीडीजीला तो चालत होता, कारण मोजमाप सीटीवरच व्हायचे आणि कपॅसिटर फक्त ट्रिप कॉइलसाठी होता. न्यूमेरिकलला सतत ५ ते १५ वॅट लागतात. पुरवठा गेला की कपॅसिटर त्याला फार वेळ तग धरून ठेवू शकत नाही आणि रिले बंद पडतो. ब्रेकर मात्र बंद अवस्थेतच, म्हणजे जोडलेलाच राहतो. मग महावितरणचा पुरवठा परत येतो. त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर इनरश घेत असतो, आणि केबलमध्ये दोष असेल तर फॉल्टही त्याच क्षणी पोसला जातो. रिले तेव्हा सुरू होत असतो. मॉडेलप्रमाणे त्याला संरक्षणासाठी तयार व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पॅनेल उघडे असते.

यावर तीन उपाय आहेत. व्हीआरएलए (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी आणि चार्जर बसवणे, हा सर्वांत चांगला. सीटी आणि बाहेरचा पुरवठा अशा दोन्हींवर चालणारा रिले घेणे, हा दुसरा. पुरवठा गेल्यावर ब्रेकर स्वतःहून उघडेल अशी अंडरव्होल्टेज कॉइल लावणे, हा तिसरा. पण शहरात पुरवठ्याला छोटे झटके बसत असतात आणि प्रत्येक झटक्याला ब्रेकर उडाला तर उत्पादन विभाग ती कॉइल काढायला लावतो, म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

रिले मागवताना पुरवठ्याची श्रेणी ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. आरईएफ ६१५ सारख्या रिलेंमध्ये ४८–२५० व्होल्ट डीसीची आणि २४–६० व्होल्ट डीसीची, अशा वेगळ्या आवृत्त्या असतात. ३० व्होल्टच्या पॅनेलसाठी चुकीची आवृत्ती आली तर ती चालूच होणार नाही. बायनरी इनपुटचेही तसेच. ११० व्होल्टच्या उंबरठ्याचे इनपुट ३० व्होल्टवर जागचे हलत नाही आणि मग ट्रिप सर्किटची देखरेख कायम अलार्म दाखवत राहते. असा अलार्म चार दिवसांत कुणीतरी सेटिंगमधून बंद करतो.

दुसरी जागा वॉचडॉग. हा बदलता संपर्क असतो. रिले धडधाकट असेल तोवर त्याची कॉइल ऊर्जित राहते. आतला बिघाड झाला किंवा डीसी गेला की ती सुटते आणि नॉर्मली क्लोज संपर्क मिटतो. तो अलार्मच्या खिडकीला आणि भोंग्याला जोडायचा. इथेही एक खोच आहे. भोंगा त्याच डीसीवर असेल तर डीसी गेल्यावर भोंगाही गप्प. म्हणून या एका अलार्मला एसीचा पुरवठा द्या आणि तो सुरक्षा केबिनपर्यंत न्या, कारण रात्री स्विचरूममध्ये कुणी नसते.

तिसरी जागा आउटपुट मॅट्रिक्स, म्हणजे कोणते कार्य कोणत्या संपर्काला जोडायचे ते ठरवणारा तक्ता. चालू करताना होणाऱ्या चुकांत ही सर्वांत जास्त आढळते. ५१ सुरू आहे, सेटिंग बरोबर आहे, इंजेक्शन दिले की ट्रिपचा एलईडी लागतो, अहवालात वेळही बरोबर येते. पण ते कार्य ट्रिपच्या आउटपुट संपर्काशी जोडलेलेच नसते, नुसते एलईडीशी असते. किंवा ५१ जोडलेले असते आणि ५०एन राहून गेलेले. म्हणून प्रत्येक कार्याची चाचणी ब्रेकर प्रत्यक्ष उघडेपर्यंत घ्यायची. पाच कार्ये असतील तर ब्रेकर पाच वेळा उघडायला हवा. एवढ्याने व्हीसीबीला काही होत नाही.

चौथी जागा इनरश. ट्रान्सफॉर्मर चालू करताना पूर्ण लोडच्या ८ ते १२ पट करंट क्षणभर येतो, आपल्या उदाहरणात ५०० अँपिअरपर्यंत. तो ८७५ च्या खाली असल्याने ५० सुरक्षित आहे. अडचण येते ५०एन आणि ५१एनला. तिन्ही सीटी सारखे संपृक्त होत नाहीत आणि न्यूट्रलमध्ये खोटा करंट दिसतो. अर्थफॉल्टचे सेटिंग १० टक्के म्हणजे ५ अँपिअर असेल तर चालू करताच ट्रिप येते. मग वैतागून सेटिंग ४० टक्के केले जाते, हे चूक आहे. सेटिंग १० वरच ठेवून ५०एनला थोडा विलंब द्यावा किंवा दुसऱ्या हार्मोनिकचा ब्लॉक १५ ते २० टक्क्यांवर चालू करावा. डेल्टा–स्टार ट्रान्सफॉर्मरमध्ये एलटीचा अर्थफॉल्ट एचटीच्या न्यूट्रल सर्किटमध्ये दिसतच नाही. त्यामुळे एचटीचे अर्थफॉल्ट सेटिंग खाली ठेवण्यात समन्वयाची काहीच अडचण नसते.

पाचवी गोष्ट बारीक आहे, पण केबल जॉइंटचा फॉल्ट अधूनमधून ठिणगी मारून थांबणारा असेल तेव्हा महत्त्वाची ठरते. सीडीजीची चकती थोडी फिरते, करंट गेला की हळूहळू मागे येते, पुन्हा फॉल्ट आला की उरलेल्या जागेपासून पुढे फिरते. असे करत अखेर ट्रिप देते. न्यूमेरिकलमध्ये रिसेट बहुधा तत्काळ ठेवलेला असतो, म्हणून प्रत्येक ठिणगीला मोजणी शून्यापासून सुरू होते. वरच्या फीडरवर चकतीचा रिले असेल तर तो आधी उडतो आणि आपला शांत राहतो. ज्या मॉडेलमध्ये चकतीसारखा रिसेट निवडता येतो, तिथे तो निवडावा.

सेटिंग हा संरक्षणाचा गाभा आहे, हे पटायला ३० जुलै २०१२ ची घटना पुरेशी आहे. उत्तर भारतातला ग्रिड कोसळला त्याची सुरुवात ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर लाइन सुटण्याने झाली. लाइनवर फॉल्ट नव्हता. लोड इतके वाढले होते की ते डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनच्या, म्हणजे लांबच्या फॉल्टसाठी ठेवलेल्या, कक्षेत शिरले. रिलेने त्याला सांगितले तेच केले.

बसवणे आणि तपासणे

जोडणीच्या वेळी क्रम पाळावा. व्हीसीबी उघडून, त्याचा ट्रक (चाकांवरचा ब्रेकर) पॅनेलबाहेर काढून, अर्थिंग करून मगच सीटीच्या तारांना हात लावायचा. टीटीबीवर (टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर) सीटी आधी शॉर्ट करायचा, नंतर रिलेची तार सोडायची. जुन्या जोडणीचे फेरूल (तारेच्या टोकावरची खूण) क्रमांक आणि फोटो घ्या, कारण जुने ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष वायरिंग जुळेलच असे नाही. जुन्या खाचेवर २ मिमी जाडीची सीआरसीए (पोलादी पत्र्याची) पट्टी बसवून तिच्यात नवी खाच कापावी. कापताना उडणारा कीस खालच्या टर्मिनलांवर पडणार नाही याची सोय आधी करा. सीटीसाठी २.५ चौरस मिमी, कंट्रोलसाठी १.५ चौरस मिमीची तार, रिंग लग, दोन्ही टोकांना फेरूल. लग, फेरूल, टीटीबी असे किरकोळ सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळते. रिले मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच, चाचणी प्रमाणपत्रासह घ्यावा. सीटीचा स्टार पॉइंट एकाच ठिकाणी अर्थ करायचा. दारावर एक आणि सीटीपाशी दुसरा असे दोन अर्थ झाले की न्यूट्रलमध्ये फिरता करंट येतो आणि अर्थफॉल्ट विनाकारण उडतो.

रिलेवर १ अँपिअर आणि ५ अँपिअरची वेगळी टर्मिनले असतील तर ती दोनदा पाहा. काही मॉडेलांत ही निवड सेटिंगमध्ये असते. चूक झाली तर करंट पाचपट कमी किंवा जास्त दिसतो आणि सगळे सेटिंग निरर्थक ठरते.

चाचणीत टेस्टिंग एजन्सीकडून काय घ्यायचे ते आधी ठरवून घ्या, नाहीतर ‘समाधानकारक’ एवढा एक शब्द असलेला कागद हातात पडतो. प्रत्येक फेजचा आणि न्यूट्रलचा पिकअप (रिले काम सुरू करतो तो करंट) वेगळा हवा, तसेच दुप्पट, पाचपट आणि दहापट करंटच्या वेळा, गणिताने आलेल्या वेळेच्या शेजारी लिहिलेल्या. टीएमएस ०.१५ असेल तर दुप्पट करंटला १.५० सेकंद, पाचपटीला ०.६४, दहापटीला ०.४५ अपेक्षित. न्यूमेरिकलमध्ये फरक ५ टक्के किंवा ४० मिलिसेकंद यांतल्या मोठ्या मर्यादेत राहायला हवा. सीडीजी चालू ठेवणार असाल तर साडेसात टक्क्यांचा वर्ग धरा, आणि सेटिंगच्या १.३ पटीला चकती फिरून संपर्क मिटतो का ते आवर्जून पाहा. सीडीजीला साध्या व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) इंजेक्शन दिले तर कॉइलच्या संपृक्ततेने करंटचा आकार बिघडतो आणि वेळा चुकीच्या येतात. सर्किटमध्ये सलग रोध घालून द्यावे. दहापटीचा करंट दिल्यावर कॉइल थंड होऊ द्यावी, मगच पुढची चाचणी.

शेवटी प्रायमरी इंजेक्शन. सीटीच्या प्रायमरीतून करंट सोडून पडद्यावर प्रत्येक फेज बरोबर दिसते का पाहायचे. दोन फेजमधून सलग जोडून करंट सोडला तर न्यूट्रल शून्याजवळ यायला हवा. तिथे दुप्पट दिसला तर एका सीटीची दिशा उलटी आहे.

बसवल्यावर मूळ पासवर्ड बदला, सेटिंगची फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि छापील सेटिंग शीट पॅनेलच्या आत लावा. रिलेत दोन किंवा अधिक सेटिंग गट असतात. सध्या कोणता गट चालू आहे ते शीटवर लिहा आणि न वापरलेल्या गटांतही तीच सेटिंग भरून ठेवा, म्हणजे चुकून गट बदलला तरी संरक्षण तेच राहील. एका आवारात तीन-चार सारखी पॅनेले असतील तर एक जादा रिले त्याच फर्मवेअर आवृत्तीचा विकत घेऊन ठेवा. नवीन आवृत्तीचा आला तर जुनी सेटिंग फाइल त्यात जशीच्या तशी उतरत नाही, आणि हे कळते ते बहुतेक वेळा बंद पडलेल्या पॅनेलसमोर लॅपटॉप उघडल्यावरच.